साल काढून, अर्धंच

आमच्या गावात सफरचंद हे आजारी माणसाचं फळ होतं. कुणाच्या घरी सफरचंदांची पिशवी जाताना दिसली की शेजारीण ओट्यावरूनच विचारायची, "कोण पडलंय व माय?" फैजपूरपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. चारी अंगांनी केळीच्या बागा. घड हिरवे असतानाच कापायचे, ट्रकमध्ये भरायचे, आणि ते कुठे लांब दिल्लीकडे जाऊन पिवळे व्हायचे. बागेतच पिकून गेलेला घड म्हणजे वाया गेलेला. तो म्हशींपुढे टाकायचा, नाहीतर आल्यागेल्याच्या हातात द्यायचा. केळं हे फळ आहे असं आम्हा मुलांना वाटतच नसे. सफरचंद मात्र लाकडी पेटीतून यायचं, जांभळ्या पातळ कागदात गुंडाळलेलं, वाळल्या गवतात रुतवलेलं. ते बघायला मिळायचं, खायला नाही. कारण ते ज्याच्यासाठी आणलेलं असायचं तो खाटेवर असायचा.

माझी मोठी बहीण खाटेवर आली तेव्हा मी दहावीत होते. तिला घरात सगळे अक्का म्हणायचे. शिरपूरला दिली होती. माझ्यापेक्षा बरीच मोठी, अंगानं धट्टीकट्टी, आणि खाण्याच्या बाबतीत अगदी वेगळी. तिला पिकलेलं काही आवडायचं नाही. कैरी हवी, आंबा नको. पेरू हिरवागार, दात लावला की कर्र वाजणारा. बोरं कडक, चिंच न भरलेली. मऊ फळ म्हणजे म्हाताऱ्यांचं खाणं, असं ती म्हणायची. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते बागेतून येताना तिच्यासाठी कच्चंच काहीतरी खिशात घालून आणायचे, आणि आई ओरडायची, "पोट दुखीन तिचं."

सासरी ती सुखात होती, निदान आम्हाला तसं दिसायचं. जिजाजी शाळेत शिकवायचे. बोलायला हळू, हसायला मोकळे. तिला दिवस गेले तेव्हा ते स्वतः आम्हाला कळवायला आले होते, बस बदलत बदलत. पुढे सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. सासू म्हणाली, होतं असं. मग चेहरा सुजला. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिला झटके आले आणि तिला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. बाळ पोटातच गेलं होतं. ती वाचली. आई-भाऊ धुळ्याला धावले, मागून मीही गेले.

दवाखान्यात पहिलं सफरचंद जिजाजींनीच आणलं. स्टुलावर बसून ते ब्लेडनं साल काढत होते. त्यांना काढता येत नव्हती. जाड जाड तुकडे पडत होते, सालीलाच निम्मा गर चिकटलेला. अक्कानं उशीवरून मान वळवून बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, "सालच खायची का मी?" जिजाजी हसले. आईच्या डोळ्यांना पाणी आलं. मला तेव्हा वाटलं, झालं, आता ही बरी होणार.

ती बरी झाली नाही. सूज उतरली, पण लघवी होईना. डॉक्टर म्हणाले, किडन्यांना मार बसलाय, काही दिवसांत सुधारतील, नाहीतर नाही. सासरच्यांनी सांगितलं, चार महिने माहेरी विश्रांती घेऊ द्या. भाऊंनी तिला घरी आणलं. नंतर जळगावच्या एका डॉक्टरांकडे तिचं औषधपाणी सुरू झालं. ते वयस्कर होते, कधी घाई करत नसत. त्यांनी आईला समोर बसवून काय द्यायचं, काय नाही ते सांगितलं. मीठ जवळजवळ बंद. पाणी मोजून. डाळ थोडी. नारळपाणी नाही, संत्रं नाही, टोमॅटो नाही.

"आणि केळं अजिबात नाही," ते म्हणाले. "एक तुकडासुद्धा नाही. त्यातला क्षार हिची किडनी बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात साचला तर हृदय बंद पडेल."

भाऊ खाली बघत होते. आईनं विचारलं, "मग फळ कोणतं द्यायचं?"

"सफरचंद द्या. साल काढून. अर्धंच."

आम्ही बसनं परत आलो. जळगाव सोडलं की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात, त्या घरापर्यंत संपत नाहीत. अक्का खिडकीला बसली होती. ती एकदाच म्हणाली, "काय नशीब आहे बघ. सगळा मुलूख वर्ज्य झाला मला."

त्या दिवसापासून आईचा दिवस सफरचंदावर सुरू व्हायचा. फैजपूरच्या स्टँडजवळ एक फळवाला होता, त्याच्याकडून भाऊ आणायचे. तिथवर येईपर्यंत सफरचंदं थकलेली असायची. वरून लालभडक, आत पिठासारखी. सुरी लावली की आवाज न होता आत जायची. अक्का पहिला घास तोंडात घ्यायची आणि तिचा चेहरा उतरायचा. "रवा खाल्ल्यासारखं लागतंय," म्हणायची. तिच्या तोंडाला सतत लोखंडाची चव असायची, अन्नाचा वास नकोसा व्हायचा. त्यात ते भुसभुशीत फळ तिला गिळवायचं नाही. मग भाऊंनी फळवाल्याला सांगून ठेवलं, नवी पेटी फोडलीस की आधी मला कळव. ते स्वतः गवतात हात घालून एकेक सफरचंद अंगठ्यानं दाबून बघायचे. केळीचा घड किती तयार झालाय ते लांबून बघून सांगणारा माणूस, पण सफरचंद त्यांना कळायचं नाही. कधी साधायचं, कधी फसायचं.

आई साल काढायची ती बारीक, पारदर्शक म्हणावी अशी. ती साल मी खायचे. टाकून कसं द्यायचं? पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन खाल्ली, अक्काला दिसू नये म्हणून. पण तिला कळलं.

"कशी लागते?" तिनं आतून हाक मारून विचारलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. "तुरट. मग थोडी गोड."

"आवाज येतो का चावताना?"

"येतो."

"मग इथं बसून खा ना. मला ऐकू दे."

आईनं माझ्याकडे रागानं बघितलं, पण अक्का खरंच वाट बघत होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि साल चावली. तिनं डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर ते रोजचंच झालं. ती तिचं अर्धं सफरचंद कसंबसं संपवायची आणि मी शेजारी बसून साल खायचे. कधी साल चामड्यासारखी चिवट निघायची, आवाजच व्हायचा नाही. मग ती म्हणायची, "आज काही मजा नाही," आणि भिंतीकडे तोंड करायची.

मुंबईला मशीनवर रक्त शुद्ध करतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ तिला घेऊन गेले. आईही गेली. दोन-तीन वेळा मशीनवर ठेवलं तेव्हा तिला भूक लागली, रंग आला. पण मशीन म्हणजे औषध नव्हे, ते जन्मभर करत राहायचं, हे तिथं गेल्यावर कळलं. किडनी द्यायची म्हटलं तर आईला साखर, आणि भाऊंचं रक्त जुळलं नाही. माझा विषय निघाला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वय विचारलं आणि नकारार्थी मान हलवली. अक्का परत आली आणि म्हणाली, आता कुठं नेऊ नका. तिथं चाळीत नातेवाइकाच्या घरी जमिनीवर पडून मरण्यापेक्षा इथं बरं. भाऊंनी पुन्हा पुन्हा समजावलं. तिनं ऐकलं नाही. तिचं अंग सारखं खाजायचं, ओरबाडून रक्त यायचं. आई खोबरेल लावत बसायची.

जिजाजी सुरुवातीला दर आठवड्याला यायचे. मग पंधरा दिवसांनी. मग सणाला. येताना सफरचंदं आणायचे, आणि ती चांगली असायची, शिरपूरची नव्हे तर मुद्दाम धुळ्याला जाऊन निवडून घेतलेली. नंतर नंतर ते बसायचे कमी आणि घड्याळाकडे बघायचे जास्त. मला राग यायचा. अक्काला येत नव्हता. "त्यांना आजाऱ्याजवळ बसता येत नाही," ती म्हणायची. "काही माणसांना नाही येत."

मार्गशीर्षात एका दुपारी ते वडिलांना घेऊन आले. अक्काच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. भारदस्त माणूस, पांढरी टोपी, बोलणं अहिराणी. त्यांच्या हातात सफरचंदांची मोठी पिशवी होती. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला. नाना बराच वेळ कापसाबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दादा," ते भाऊंना म्हणाले, "ती सून नही, आमनी पोरच शे. पन आमना एकच पोऱ्या. घर बंद पडी जाई. बठ्ठा भाऊबंद इचारी ऱ्हायनात."

जिजाजी जमिनीकडे बघत होते. म्हणणं असं होतं की आमच्या बाजूनं चार माणसांसमोर फारकत मान्य करावी, म्हणजे मुलाचं दुसरं लग्न लावता येईल. दवाखान्याला हवं तर ते पुढेही हातभार लावतील.

आई चुलीपासून उठून दारात आली. "ती जित्ती हाये अजून," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला. अक्का भिंतीला धरत धरत बाहेर आली. नानांच्या समोर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सतरंजीवर बसली. "आई, सुरी आण," म्हणाली. "ताटलीही आण."

कुणालाच काय करावं कळेना. मी सुरी नेऊन दिली. तिनं पिशवीतून एक सफरचंद काढलं, पदरानं पुसलं आणि साल काढायला लागली. तिची बोटं सुजलेली होती, पण सुरी हळूहळू फिरत राहिली आणि साल एकसंध खाली उतरत गेली. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे बेटा, तुन्हासाठीच आनेल शेतस."

"मला एवढी चालत नाहीत," अक्का म्हणाली. "अर्धंच चालतं. घ्या ना."

तिनं फोडी केल्या. पहिली नानांना दिली, दुसरी जिजाजींना. नानांनी तोंडात टाकली. जिजाजींनी हातातच धरून ठेवली.

"मुलगी कुठली आहे?" अक्कानं त्यांना विचारलं.

त्यांनी नानांकडे बघितलं. शेवटी नानाच म्हणाले, "शहादाकडनी."

"शिकलेली आहे?"

"दहावी."

"बरं झालं," अक्का म्हणाली. मग भाऊंकडे वळली. "भाऊ, माझी हरकत नाही. यांना अडवू नका." आणि परत नानांकडे बघून म्हणाली, "फक्त एक करा. मी गेल्यावर मला शिरपूरला न्यायला येऊ नका. तुमची सून म्हणून तुमच्या गावात जाळू नका. इथंच राहू द्या."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं असं मला आजही वाटतं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना नातू हवा होता आणि आमची अक्का मरायला वेळ लावत होती, इतकंच. जिजाजींच्या हातातली फोड तोवर तांबूस पडली होती. जाताना ती त्यांनी ताटलीत ठेवली. ते दारात थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं. पण नाना पुढे चालायला लागले होते, म्हणून तेही निघाले. अक्का त्या दिवशी रडली नाही. संध्याकाळी तिला उलट्या झाल्या. पिशवीतली बाकीची सफरचंदं आईनं गुरांना घातली.

माघात लग्न झालं. आम्हाला कुणी कळवलं नाही, पण बातमी आली. फाल्गुनापासून अक्काला बसता येईना. चैत्रात ऊन पेटलं. जळगावला नेलं तेव्हा त्याच डॉक्टरांनी तपासून भाऊंना बाहेर बोलावलं. "घरी न्या," म्हणाले. "आता तिला त्रास होणार नाही असं बघा. बाकी माझ्या हातात काही नाही." भाऊंनी विचारलं, खायला काय द्यायचं. डॉक्टर म्हणाले, "घेईल ते."

उन्हाळ्यातली सफरचंदं फार वाईट निघत होती. साल सुरकुतलेली, आत तपकिरी. आई तरी रोज एक घेऊन बसायची, चांगला भाग शोधून बारीक कीस करायची, चमच्यानं तिच्या ओठांना लावायची. अक्का तोंड उघडायची नाही.

एका सकाळी आई शेजारी दूध आणायला गेली होती. भाऊ खाटेजवळ बसून पंख्यानं वारा घालत होते, मी पायाशी होते. अक्कानं डोळे उघडले. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आपल्या बागेतलं एक केळं द्या मला."

भाऊंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. तिथं घरच्यासाठी ठेवलेला घड होता. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा हातात एक केळं होतं. पूर्ण पिवळं नव्हे, देठाला आणि टोकाला अजून हिरवट, हाताला घट्ट. तिच्या आवडीचं. साल सोलताना ती सहज सुटली नाही, मोडल्यासारखा आवाज झाला. अक्काच्या चेहऱ्यावर तो आवाज ऐकून जे आलं त्याला हसू म्हणता येईल.

भाऊंनी तुकडा तोडून तिच्या तोंडात दिला. तिनं चावला. हळू, पण चावला. मग दुसरा. अर्ध्यावर आली तेव्हा म्हणाली, "बास." उरलेलं अर्धं भाऊंनी हातात धरलं, मग स्वतः खाल्लं.

आई दुधाचं भांडं घेऊन आत आली तेव्हा साल खाटेखाली पडलेली होती. तिनं ती पाहिली. भाऊंकडे पाहिलं. "कसाले दिलं?" ती इतकंच म्हणाली. भाऊ म्हणाले, "मागितलं तिनं."

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. झोपेतच.

शिरपूरला निरोप पाठवला, कारण न पाठवून चालणार नव्हतं. जिजाजी आणि नाना आले. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, की विस्तव कुणी द्यायचा, नवऱ्याचाच मान आहे, वगैरे. भाऊंनी कुणाशी वाद घातला नाही. मडकं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. जिजाजी शेवटपर्यंत गर्दीच्या मागे उभे होते. त्या दिवसानंतर आमचा-त्यांचा संबंध राहिला नाही. त्यांना पुढे दोन मुलं झाल्याचं कळलं.

घरात आई आणि भाऊ एकमेकांशी बोलत होते, पण कामापुरतं. पाणी द्या, दार लावा, ट्रक येतोय. त्या केळ्याचा विषय कधी निघाला नाही आणि ते तिथंच होतं, रोजच्या जेवणात, झोपण्यात. भाऊ खंगत गेले. बाग वाट्यानं दिली. अनोळखी माणूस बागेत घड कापताना दिसला की ते उलट दिशेला चालायला जायचे. मी लग्न होऊन जळगावला आले. भाऊ गेले तेव्हा आई त्यांच्या उशाशी होती, पण त्यांच्या हातावर हात ठेवलेला मी पाहिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आई माझ्याकडे राहायला आली. एकदा तिला तपासायला म्हणून त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते आता फार थकले होते, दवाखाना मुलगा बघायचा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलंच. अर्ध्या केळ्यानं माणूस जाईल का? त्यांना अक्का आठवत होती. ते म्हणाले, "जाऊ शकतं. पण ती तशीही एक-दोन दिवसांची होती. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

घरी आल्यावर मी आईला ते सांगितलं. मला वाटलं तिच्या मनावरचं ओझं उतरेल. भाऊंबद्दल एखादा शब्द ती चांगला बोलेल. ती मेथी निवडत बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि पानं खुडत राहिली.

"केळ्यानं गेली असं मी कधी म्हटलं का?" ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं भाऊंशी—"

"वर्षभर मी तिले खाऊ घातलं. साल काढली, कीस केला, थुंकलं तर पुसलं. अन् मरताना तिले काही खावं वाटलं ते तिनं मले नाही सांगितलं. मी दूध आणाले गेली ते पाहून यांना सांगितलं." आईचे हात थांबले होते. "मी नाही म्हणीन, असं वाटलं तिले."

मी विचारलं, "तू दिलं असतंस का?"

आईनं खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"नसतं दिलं," ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.